बातमीची चाळणी

१५ फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. लातूर शहरातील विवेकानंद चौकाच्या परिसरात जमिनीखालून आवाज आल्याचे काही जणांना जाणवले. लोक घाबरले आणि भूकंप झाल्याची वदंता शहरात पसरली. प्रशासनाने लातूर, औराद शहाजानी आणि आशिव येथील भूकंपमापन केंद्रांकडे विचारणा केली. तिन्ही ठिकाणच्या यंत्रांवर भूकंपाची कसलीही नोंद नव्हती.

आता यात हसण्यासारखे काही नाही. ज्या जिल्ह्याने १९९३ साल पाहिले, तो जिल्हा जमिनीतून आलेला आवाज सहजासहजी सोडून देणार नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो यातला क्रम. आधी वार्ता पोहोचली आणि यंत्राचे उत्तर मागाहून आले. आज वदंतेला चालावे लागत नाही, खिशातला मोबाइल पुरतो. खात्री मात्र अजूनही पायीच येते.

हे असेच नेहमी होते काय? लातूर-नांदेडच्या परिसरात बातमी कशी येत होती आणि तिचा वेग वाढत गेला तसतसे माणसाच्या रोजच्या वागण्यात काय बदलले, हे आपण या लेखात पाहू या. इतिहासाच्या तासाला राजे आणि तह येतात, विज्ञानाच्या तासाला यंत्रे येतात. बातमीचा प्रवास या दोन्ही तासांच्या मध्ये कुठेतरी हरवतो.

तार आली

फार मागे जायचे तर गावात बातमी दवंडीने यायची. हलगी वाजली की लोक दाराशी येत. जास्त लांबची बातमी आठवडी बाजारात मिळे, त्याहून लांबची माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत. या बातमीचा वेग माणसाच्या किंवा बैलगाडीच्या वेगाइतका होता. पण एक सोय होती. दवंडी देणारा कोण, हे सगळ्यांना ठाऊक असे. शंका आली तर त्याला थांबवून विचारता येई, "कुणी सांगितले रे?"

त्या काळी हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हैदराबादहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग नांदेडवरून सुरू झाला. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी पोहोचली. लोहमार्गाच्या कडेने खांब आले, खांबांवरून तार आली आणि बातमीने प्रथमच गाडीला मागे टाकले.

तारायंत्रात दोनच खुणा असतात, आखूड आणि लांब. या दोन खुणांच्या जुळणीतून सारी अक्षरे बनतात. आज ज्याला आपण डिजिटल म्हणतो, त्याचे मूळ तत्त्व हेच. मोजक्या, ठरावीक खुणांत सारे काही बसवायचे. संगणक शून्य आणि एक वापरतो, तारमास्तर 'कट्ट' आणि 'कडऽ' वापरत असे. मुलांना डिजिटल म्हणजे काय ते सांगताना संगणकापासून सुरुवात करण्याऐवजी तारेपासून केली, तर कल्पना लवकर उमगते असा आमचा अनुभव आहे.

पण तार स्वस्त नव्हती. शब्दांवर पैसे पडत. म्हणून माणूस अगदी निकडीचे असेल तेच लिही. खेड्यात तारवाला दिसला की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई, कारण मृत्यूखेरीज दुसऱ्या कशासाठी कोण एवढे पैसे खर्चणार? खर्च ही त्या काळी बातमीची चाळणी होती. क्षुल्लक आणि सांगोवांगीच्या गोष्टी त्या चाळणीतून खाली पडत नसत. (भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.)

नभोवाणीने दुसरी तऱ्हा आणली. एकाने बोलायचे आणि हजारोंनी ऐकायचे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या शरणागतीची घोषणा हैदराबादच्या नभोवाणीवरून झाली. यंत्रे थोडी होती. ज्याच्याकडे यंत्र होते त्याने ऐकले, बाकीच्यांनी त्याच्याकडून ऐकले. इथेही बोलणारा कोण, हे ठाऊक होते. तो खोटे बोलू शकत होता, पण लपू शकत नव्हता.

किल्लारीची पहाट

२९ सप्टेंबर १९९३ च्या रात्री गावोगावचे गणपती विसर्जित करून लोक उशिरा झोपले. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्णपणे उद्ध्वस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली, काही अंदाजांनुसार याहूनही जास्त. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगाच्या मानाने हा फार मोठा भूकंप नव्हे. पण घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या जड माळवदाची होती. भिंती उकलल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले.

या पहाटेची बातमी कशी पोहोचली? किल्लारीपासून नांदेड सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जातात. म्हणजे सुमारे चाळीस सेकंदांत त्या नांदेडला पोहोचल्या. पहिली बातमी जमिनीनेच आणली! पण त्या बातमीत "काहीतरी झाले" एवढेच होते. कुठे झाले, किती झाले, कोण उरले, हे कळायला तास लागले. खेड्यांत दूरध्वनी विरळ होते. १९९१ च्या सुमारास सबंध देशात पन्नास लाखांच्या आसपास दूरध्वनी होते, म्हणजे शंभर माणसांमागे एकसुद्धा पुरता नव्हता. आणि गावात जे वाचले होते, ते हातांनी ढिगारे उपसत होते. त्यांना निरोप पाठवायला उसंत नव्हती. हौशी बिनतारी संदेशवाहकांनी, ज्यांना हॅम म्हणतात त्यांनी, पुढच्या दिवसांत निरोप पोहोचवण्याचे काम केले. मदतीच्या मागोमाग नुसते पाहायला येणाऱ्यांचीही गर्दी झाली आणि मदतीच्या गाड्या रस्त्यात अडकल्या.

या कथेला एक मागची बाजू आहे आणि ती आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के बसत होते. १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांतला मोठा, सुमारे ४ तीव्रतेचा. लोक धास्तावले. पण दख्खनचे पठार स्थिर आहे, असा त्या वेळचा समज होता. भूकंपाच्या अधिकृत नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. जवळपास यंत्रांचे दाट जाळेही नव्हते.

म्हणून त्या धक्क्यांवरून ३० सप्टेंबरचे भाकीत करता आले असते काय? नाही. भूकंपाचे भाकीत आजही करता येत नाही आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण लोकांना जे जाणवत होते ती एक नोंद होती, एक माहिती होती. ती पुरेशी वर पोहोचली असती, जागोजागी यंत्रे बसली असती, माळवदाच्या घरांकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहिले असते, तर काही तरी पदरात पडले असते. नकाशा बदलला तो २००२ साली. पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

म्हणजे जुनी चाळणी फार चांगली होती, असे म्हणून उसासे टाकण्यात अर्थ नाही. ती अफवा अडवत होती, तशी गरिबाची खरी बातमीही अडवत होती. त्या चाळणीला खरे-खोटे कळत नव्हते. तिला फक्त पैसे आणि अंतर कळत होते.

पिवळ्या पाटीचा काळ

हे अंतर तोडण्याचे काम भूकंपाच्या आधीच सुरू झाले होते. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे एक छोटे डिजिटल दूरध्वनी केंद्र बनवले. वातानुकूलित खोलीशिवाय, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीत चालेल असे. १९८६ साली ते कर्नाटकातल्या कित्तूरला प्रथम बसले आणि तिथून देशभर पसरले. त्याच सुमारास एसटीडी, आयएसडी, पीसीओ अशी अक्षरे असलेल्या पिवळ्या पाट्या बसस्थानकांवर आणि चौकांत दिसू लागल्या. रात्री अकरानंतर दर कमी होत, म्हणून पुण्या-मुंबईला शिकणाऱ्या मुलाशी बोलण्यासाठी आई-वडील रांगेत उभे राहत. नजर सारखी लाल आकड्यांच्या मीटरवर. चाळणी अजून होती, पण तिची भोके मोठी झाली होती.

डिजिटल दूरध्वनीत आवाजाचे काय होते, हे इथे थोडक्यात सांगायला हवे. आपल्या आवाजाची उंची सेकंदाला ८००० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप आठ अंकांत लिहिले जाते. हे अंक म्हणजे फक्त शून्य किंवा एक. ८००० गुणिले ८, म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याचे ६४,००० अंक झाले. पलीकडे त्या अंकांवरून आवाज पुन्हा घडवतात. वाटेत खरखर मिसळली तरी प्रत्येक टप्प्यावर 'हा शून्य की एक?' एवढेच ठरवून अंक नव्याने कोरा करकरीत लिहिता येतो. त्यामुळे हजारावी नक्कलही पहिल्यासारखीच निघते.

याचा परिणाम केवळ तांत्रिक नव्हता. तोंडोतोंडी बातमी फिरली की ती बदलते, फुगते, विटते. तिच्या विटण्यावरूनच ऐकणाऱ्याला कळते की ही पुष्कळ तोंडांतून आलेली आहे. मळकी, दुमडलेली नोट पाहून ती किती हातांतून गेली याचा अंदाज येतो, तसेच. डिजिटल नक्कल मात्र कधी मळत नाही. पाच वर्षांपूर्वीचे, दुसऱ्याच देशातले छायाचित्र आज सकाळी काढल्यासारखे टवटवीत दिसते.

वेगवान दूरध्वनीने काय होऊ शकते, याचे पहिले दर्शन देशाला २१ सप्टेंबर १९९५ रोजी झाले. दिल्लीत पहाटे कुणीतरी म्हणाले की गणपती दूध पितो. दुपारपर्यंत ही वार्ता महाराष्ट्रातल्या शहरांत पोहोचली आणि त्याच दिवशी लंडनमधल्या भारतीय वस्त्यांतही. मंदिरांपुढे रांगा लागल्या. ना वर्तमानपत्र छापून यायला वेळ होता, ना कुणी दवंडी दिली होती. काम दूरध्वनीने केले. नातेवाइकांनी नातेवाइकांना कळवले. सांगणारा आपला होता, म्हणून गोष्ट खरी वाटली.

शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले. चमच्याची कड मूर्तीला टेकली की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि ओल्या पृष्ठभागावरून पातळ पापुद्र्यासारखे खाली उतरते. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही, रंगीत केले की दिसते. हा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत होतो. पण लक्षात घ्या, वार्तेला एक सकाळ पुरली. खुलाशाला मात्र प्रयोग करावा लागला, तो दाखवावा लागला आणि लोकांना तो पाहण्याची इच्छा व्हावी लागली.

पाचाचा पाढा

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. १९९५ साली देशात मोबाइल सेवा आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. २०१६ नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की पिवळ्या पाट्या पाहता पाहता दिसेनाशा झाल्या. आज लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या मुलीचे जेवण झाले की नाही, हे उदगीरच्या आईला छायाचित्रासह कळते. सोयाबीनचा आजचा भाव शेतकरी बांधावर उभा राहून पाहतो. नांदेडच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि ती मिळाल्याचीही खूण उमटते. शाळेची सूचना पालकांच्या गटात पडते. गावाचा पार आता खिशात मावतो. हे सारे सुख खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण संदेश पाठवण्याचा खर्च शून्य झाला, तेव्हा जुनी चाळणी नाहीशी झाली. तिच्या जागी दुसरी आपोआप आली नाही.

एक गणित करून पाहू या. एकाने एक संदेश पाच जणांना पाठवला. त्या प्रत्येकाने तो नव्या पाच जणांना पाठवला. पायऱ्या अशा होतात: ५, २५, १२५, ६२५, ३,१२५, १५,६२५, ७८,१२५ आणि आठव्या पायरीला ३,९०,६२५. लातूर शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार आहे. म्हणजे आठव्या पायरीत सारे शहर संपले. प्रत्येक पायरीला दहा मिनिटे धरली, तरी ऐंशी मिनिटे होतात. प्रत्यक्षात एकाच माणसाला तोच संदेश चार ठिकाणांहून येतो आणि पुष्कळजण पुढे पाठवत नाहीत, म्हणून आकडा इतका होणार नाही. पण प्रत्येकाने पाचांऐवजी दोघांनाच पाठवले, तर आठव्या पायरीला फक्त २५६ होतात. आणि एकालाच पाठवले, तर आठव्या पायरीलाही एकच. पाच आणि दोन यांत फरक तीनचा दिसतो, पण घातांकात तो लाखांचा होतो.

हे गणित कागदावर राहत नाही. २०१८ साली मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश देशभर फिरत होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, अशाच संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते, गावोगाव भिक्षा मागणारे. शतकानुशतके असे भटके लोक गावात आले की त्यांच्याबरोबर चार गावच्या बातम्या येत. बातमी आणणाऱ्यांचाच बळी बातमीने घेतला. त्या जमावातल्या माणसांना आपण चूक करत आहोत असे वाटत नव्हते. आपण मुलांना वाचवत आहोत असेच वाटत असणार. आम्हाला यातली भयंकर गोष्ट हीच वाटते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० पासून पुष्कळ हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. अशा संदेशावर दोन बाणांची खूणही दिसू लागली. पाच किंवा अधिक टप्पे पार केलेला संदेश, असा तिचा अर्थ. मळकी नोट ओळखता यावी म्हणून तिच्यावर मुद्दाम उमटवलेला हा डाग आहे. तो उपयोगाचा आहे. पण पहिला माणूस कोण, हे तो सांगत नाही. दवंडीवाल्याला थांबवून विचारता येत असे. इथे कुणाला विचारायचे?

तीन केंद्रे, एक भूकंप

भूकंपशास्त्र ही खात्री कशी करते, ते पाहण्यासारखे आहे. भूकंपातून दोन प्रमुख लहरी निघतात. प्राथमिक लहर जलद, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर. दुय्यम लहर तिच्यापेक्षा मंद. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो, त्या मधल्या वेळावरून मुले ढगाचे अंतर काढतात. तसेच दोन लहरींमधल्या प्रत्येक सेकंदामागे साधारण आठ किलोमीटर धरून केंद्र आपल्यापासून भूकंपाचे अंतर काढते. पण अंतर कळले तरी दिशा कळत नाही. त्या अंतराच्या त्रिज्येच्या वर्तुळावर भूकंप कुठेही असू शकतो. दुसऱ्या केंद्राचे वर्तुळ काढले की दोन छेदनबिंदू मिळतात. तिसऱ्याचे काढले की एकच बिंदू उरतो.

यातला 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाच केंद्राच्या आलेखाच्या शंभर प्रती काढल्या, तर भूकंपाची जागा सापडणार नाही. तीन निरनिराळ्या ठिकाणी बसलेल्या यंत्रांनी, एकमेकांना न विचारता, आपापले मोजलेले असले पाहिजे. मोबाइलवर एकच संदेश सात गटांतून आला की आपल्याला वाटते, सातजण सांगत आहेत म्हणजे खरेच असणार. पण त्या सात प्रती असतात. साक्षीदार एकच असतो, कदाचित एकही नसतो.

मात्र म्हणून लोकांचे म्हणणे उडवून लावायचे, असेही नाही. नांदेड शहराच्या काही भागांत २००७ च्या सुमारास जमिनीतून आवाज आणि बारीक धक्के जाणवू लागले. यंत्रांनी पाहिले तेव्हा ते खरोखरीचे, उथळ आणि लहान भूकंप निघाले. लातूरच्या २०२३ च्या आवाजाची नोंद यंत्रावर आली नाही, नांदेडच्या धक्क्यांची आली. दोन्ही ठिकाणी लोक खोटे बोलत नव्हते. त्यांनी जे ऐकले ते ऐकलेच होते. "मी आवाज ऐकला" ही नोंद आहे. "भूकंप झाला" हा निष्कर्ष आहे. "रात्री मोठा भूकंप होणार आहे" ही थाप आहे. ही तीन वाक्ये मोबाइलच्या पडद्यावर एकाच आकाराच्या अक्षरांत दिसतात आणि त्यांतला फरक पडदा दाखवत नाही. तो वाचणाऱ्याने करायचा असतो.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दहा-अकरा मिनिटांत ३.६ चा दुसरा. नांदेड आणि परभणीतही लोकांना ते जाणवले. १० जुलै २०२४ च्या सकाळी त्याच भागात पुन्हा ४.५ चा धक्का बसला. १९९३ मध्ये ज्या गोष्टी कळायला तास लागले, त्या, म्हणजे केंद्र कुठे, तीव्रता किती, खोली किती, या वेळी अल्पावधीत लोकांच्या हातात होत्या. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या मोबाइलवरील सुविधेत तर 'मला धक्का जाणवला' असे सामान्य माणसालाही नोंदवता येते. १९९२ साली किल्लारीकरांना जे सांगायचे होते, ते सांगायला आज जागा आहे.

आणखी एक पाऊल पुढे. मोबाइलमध्ये हालचाल ओळखणारा एक बारीक संवेदक असतो. आडवा धरला की पडदा आडवा होतो, तो त्याच्यामुळे. टेबलावर स्थिर पडलेल्या अनेक फोनना एकाच भागात, एकाच वेळी प्राथमिक लहरीचा हादरा जाणवला, तर दूरच्या लोकांना दुय्यम लहर पोहोचण्याआधी काही सेकंद सूचना देता येते. अँड्रॉइड फोनवर ही सोय भारतात २०२३ साली आली. यात युक्ती कोणती? एका फोनवर विश्वास ठेवायचा नाही. फोन खाली पडला असेल, कुणी टेबलाला धक्का दिला असेल. अनेक स्वतंत्र फोन एकच सांगू लागले, तरच सूचना द्यायची. म्हणजे आपल्या खिशातल्या यंत्राला ही शिस्त घालून दिलेली आहे. तेच यंत्र हातात धरणाऱ्या आपल्याला ती अजून लागायची आहे.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या मुलांना घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना तीनच प्रश्न विचारायला सांगा. ३० सप्टेंबर १९९३ ला तुम्ही कुठे होता? किल्लारीचे तुम्हाला कधी कळले? कुणाकडून कळले? उत्तरे गोळा झाली की फळ्यावर एक कालरेषा काढा आणि जिल्ह्याचा नकाशा टांगा. बातमी कोणत्या वाटेने, किती वेळात आली, ते मुलांना स्वतःच दिसेल. ज्यांच्या घरी त्या रात्रीचे दुःख आहे, त्यांना विचारताना जपून विचारायला सांगा आणि कुणी बोलायचे नाकारले तर तेथेच थांबायला सांगा.

दुसऱ्या तासाला मुलांनी आपल्या घरी आलेला कोणताही एक संदेश वहीत उतरवून आणावा. त्याला चार प्रश्न विचारावेत. हे कुणी स्वतः पाहिले? केव्हा? कुठे? आणि दुसऱ्या कुणी, याच्याकडून न ऐकता, तेच सांगितले आहे काय? बहुतेक संदेश पहिल्याच प्रश्नापाशी अडखळतील. मुले हसतील. त्यानंतर वर दिलेले पाचाच्या घातांकांचे गणित घ्यावे, म्हणजे हसू थोडे ओसरेल.

आम्हाला अफवेइतकीच आणखी एका गोष्टीची काळजी वाटते. दर आठवड्याला "लांडगा आला" ऐकून कान किटले की खरा लांडगा येतो तेव्हा कुणी उठत नाही. पुढच्या एखाद्या पहाटे खरी सूचना काही सेकंद आधी मोबाइलवर आली आणि "असे संदेश रोजच येतात" म्हणून कुणी कूस बदलून झोपला, तर तो दोष यंत्राचा नसेल. १९९२ साली किल्लारीच्या माणसांजवळ खरी नोंद होती, पण ती पोहोचवायला वाट नव्हती. आज प्रत्येकाजवळ वाट आहे. तिच्यावरून काय पाठवायचे आणि काय अडवायचे, हे पूर्वी पैसा आणि अंतर ठरवत असत. आता ते आपल्या मुलांनी ठरवायचे आहे आणि ते कसे ठरवायचे, हे त्यांना शाळेतच शिकायला मिळाले पाहिजे.